बादलीची कडी

रूबेनकाका माझ्या दुकानात शिरताना आधी उजव्या हाताची बोटं दाराच्या चौकटीला लावायचे आणि मगच पाऊल आत टाकायचे. त्यांच्या घराच्या दाराला उजव्या अंगाला एक छोटी तिरकी नळी बसवलेली होती, आत प्रार्थनेचा कागद असलेली. येता-जाता तिला हात लावायचा आणि बोटं ओठांना टेकवायची, अशी त्यांच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची रीत. माझ्या दाराला नळी कुठली? तिथे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे नमुने लटकलेले. पण जन्माची सवय आहे, हात आपोआप जातो, असं मी धरून चालले होते.

माझं फ्लेक्स आणि कलर प्रिंटचं दुकान पनवेलच्या एस.टी. स्टँडच्या मागच्या रस्त्यावर. मिस्टर बाहेरची कामं आणायचे, दुकानात मी आणि मशीनवर जनार्दन. जनार्दन जवळच्याच कोन नावाच्या गावचा, दोन पोरांचा बाप, मिशीवाला, तोंडाने फटकळ पण हाताने सोनं. रूबेनकाका पहिल्यांदा आले ते पेन ड्राइव्ह घेऊन. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात यांत्रिक पेन्सिल, कपाळावर चष्म्याचा वळ. जनार्दनने फाईल उघडायला घेतली आणि कॉम्प्युटरने मान टाकली.

"वैनी," तो ओरडला, "या काकांची फाईल उघडत नाय. मशीनची वाट लागंल. काय हाय काय यात?"

"घाई कोणाला आहे?" काका शांतपणे म्हणाले आणि स्टुलावर बसले. "उघडेल. मोठं आहे, वेळ लागणार."

उघडलं तेव्हा पडद्यावर एक समुद्रकाठचं गाव होतं. धुकं, दगडी जिने, टोकाला दीपगृह. मला वाटलं परदेशातला फोटो असेल. काका म्हणाले, व्हिडिओ गेम आहे. पासष्टीच्या माणसाच्या तोंडून ते ऐकून जनार्दनने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

काका आयुष्यभर एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी दीना लग्न करून इस्रायलला गेली आणि मागे तिचं गेम खेळायचं जुनं यंत्र आणि डिस्कचा डबा ठेवून गेली. भंगारात देण्यापूर्वी चालतंय का बघावं म्हणून काकांनी ते टीव्हीला जोडलं. समोर जिन्याचा कठडा आला आणि त्याची तिरकी रेघ फुटलेली दिसली. "पायऱ्या पडल्या होत्या, वहिनी!" हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी चढायचा. "तिरकी रेघ आणि तिच्या पायऱ्या! तीस वर्षं मी रेघा मारल्या, अशी रेघ मी साहेबाला दाखवली असती तर त्याने मला गेटबाहेर काढलं असतं." मग म्हातारबुवांनी त्या रेघेचा पिच्छाच पुरवला. इंटरनेटवर जगभरातले असलेच वेडे त्यांना भेटले. जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवायचे, मूळच्या कितीतरी पट मोठ्या रिझोल्यूशनला, आणि त्याचे स्क्रीनशॉट काढून एकमेकांना दाखवायचे, हा त्या मंडळींचा उद्योग. तिथे काकांनी स्वतःचं नाव 'तिरकी रेघ' ठेवलं होतं.

मी एकदा विचारलं, आमच्याकडे लोक मोबाइलचा फोटो आणतात आणि भिंतीएवढा करून मागतात, तो तर फुटतो, मग तुमचं का फुटत नाही? काका खूश झाले. "फोटो एकदा काढून ठेवलेला असतो, त्यात आहे तेवढंच आहे. गेम काढून ठेवलेला नसतो हो. तो दर क्षणाला नव्याने काढला जातो. आत नुसती मापं आहेत. तुम्ही कागद मोठा द्या, तो रेघ सरळ मारून देतो." एवढं मोठं चित्र एका दमात कॉम्प्युटरला झेपायचं नाही. मग गेम थांबवायचा, चित्राचे चौकोन पाडायचे, एकेक चौकोन पडदाभर मोठा करून टिपायचा आणि शेवटी सगळे जोडायचे, फरशा बसवतात तसे. मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्याकडची लाईट काय, सांगायलाच नको. तरी काकांचं आपलं, "घाई कोणाला आहे?"

एका रविवारी सकाळी त्यांनी मला घरी बोलावून ते गाव दाखवलं. खरं सांगते, मी घाबरले. गेम थांबवलेला होता. लाटा उभ्याच्या उभ्या थिजलेल्या. जिन्यावर एक पहारेकरी एक पाय उचलून, तोंड उघडं टाकून उभा, आणि काका कॅमेरा त्याच्या अगदी नाकासमोरून नेत होते. मी म्हटलं, काका, बंद करा हे, अंगावर काटा येतो.

"उलट आहे, वहिनी. हलत्या गोष्टीची भीती असते. थांबवा, मोठं करा आणि नीट बघा. भीती जाते." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पालीला, कुत्र्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, सगळ्याला हेच औषध. मग त्यांनी मला दीपगृहाच्या गच्चीवर नेलं. तिथे कोपऱ्यात एक बादली होती. बादलीला कडी होती, केसाएवढी बारीक. "जुन्या टीव्हीवर हा नुसता एक ठिपका होता, लुकलुकणारा. मोठं केलं तेव्हा कळलं, बादली आहे. कोणीतरी बसून तिला कडी लावली हो! कोणाला कधी दिसणार नाही हे ठाऊक असून लावली." त्यांचे डोळे पाणावले होते.

त्या चित्राची मोठी प्रत त्यांना आरामखुर्चीसमोरच्या भिंतीवर हवी होती. मी माझं डोकं चालवलं. एवढा मोठा आकार म्हणजे फ्लेक्सवरच मारावं, टिकेलही. फ्लेक्सचं काम लांबून बघायचं असतं, त्याचे ठिपके जाडे, हे मला रोजच्या सवयीने लक्षातच आलं नाही. काका आले, फ्लेक्सपाशी गेले, नाक लावून दीपगृहाच्या कोपऱ्यात बघू लागले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि बघता बघता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता हे माझ्या अंगावर ओरडणार. मीही तयारीत उभी राहिले, राग मला लवकर येतो.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "इथे बघा जरा. कडी दिसते का तुम्हाला?"

मी वाकून बघितलं. बादलीच्या जागी राखाडी डाग होता. "नाही बुवा. कुठली कडी?"

"जनार्दन, तू बघ. तुझे डोळे चांगले आहेत."

"नाय काका. कायपण नाय तिथं."

काका मटकन स्टुलावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. "देवाचे उपकार! तुम्हालाही दिसत नाही! कोणालाच दिसत नाही!" जनार्दन पाणी आणायला धावला. मला काही कळेना, प्रिंट बिघडलंय आणि हा माणूस देवाचे आभार मानतोय.

दोन-तीन दिवसांनी ते डबा घेऊन आले. आत मलिदा होता, भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची, वर केळ्याचे काप. त्यांच्यात काही नवस बोललेला असला की देवाला मलिदा करतात. "मी बोललो होतो," ते म्हणाले, "त्या दिवशी, तुमच्या फ्लेक्ससमोर उभा राहून." आणि मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडिलांना काचबिंदू होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता. संध्याकाळी ओटीवर बसून ते विचारायचे, "रूबेन, दिवा लावला का रे?" दिवा त्यांच्या पुढ्यात असायचा, लावलेला. रूबेन तेव्हा लहान. तो उठायचा, दिवा फुंकून विझवायचा, पुन्हा काडी ओढायचा आणि म्हणायचा, "लावला, बाबा." काडीचा आवाज ऐकून वडील समाधानाने मान हलवायचे.

"हा आजार घराण्यातून येतो," काका म्हणाले. "मला येणार, हे मी तेव्हापासून धरून बसलोय. डॉक्टरकडे जात नाही. जाऊच शकत नाही मी, पायरीवरूनच परत येतो. म्हणून ती कडी. रोज सकाळी उठल्याबरोबर कॉम्प्युटरवर ती बघतो. दिसली की दिवस माझा. भिंतीवर लावली की खुर्चीतूनच दिसेल."

मी त्यांना रागावले. म्हटलं, हा काय पोरखेळ, डॉक्टरला दाखवा. मी मग चांगल्या फोटो कागदावर, तुकड्या-तुकड्यांनी, उत्तम प्रत काढून दिली. कडी स्पष्ट आली. खरं सांगायचं तर मलाही वाटून गेलं, ज्याला खुर्चीत बसून एवढी बारीक रेघ दिसते त्याच्या डोळ्यांना काय होणार आहे!

नंतर एकदा दुकानातली शाई संपली. शाईवाला पळस्पे फाट्याला. काका दुकानात होते, म्हणाले, चला स्कूटरवर सोडतो, मलाही जरा हवा खायची आहे. फाट्याला गोव्याचा रस्ता फुटतो तिथे आम्हाला उजवीकडे वळायचं होतं. उजव्या अंगाने एक कंटेनर येत होता. लालभडक, घराएवढा. मी तो केव्हाची बघत होते. मला वाटलं, काकाही बघतायत. आणि काकांनी शांतपणे स्कूटर उजवीकडे घातली.

मी किंचाळले. ब्रेकचा करकराट झाला, धूळ उडाली, आणि कंटेनरचं चाक माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबलं. ड्रायव्हर खिडकीतून निम्मा बाहेर आला. "अंधे हो क्या, चाचा?"

काका म्हणाले, "कुठून आला हा?"

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. काका स्कूटर धरून उभे होते आणि त्यांच्या तोंडावर जी भीती होती ती कंटेनरची नव्हती. ड्रायव्हरच्या त्या एका शब्दाने त्यांना धरलं होतं. "कडी सकाळी दिसली होती मला," ते पुटपुटले. "आजच सकाळी. अगदी स्वच्छ."

परत आम्ही रिक्षाने आलो. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. बादलीची कडी दिसणाऱ्या माणसाला कंटेनर दिसत नाही, हे कसं? मग एकेक आठवायला लागलं. चहाचा ग्लास उजवीकडे ठेवला की त्यांच्या कोपराने सांडायचा, म्हणून जनार्दन न सांगता डावीकडे ठेवायला लागला होता. उजव्या खांद्यावर सारखी कसली तरी खरचटलेली खूण. आणि ती चौकटीला लागणारी बोटं. देवा, ती रीत नव्हती. तो माणूस माझं दार चाचपत होता.

रविवारी सकाळी मी जनार्दनला घेऊन त्यांच्याकडे गेले. काय करायचं ते त्याला जिन्यातच सांगून ठेवलं होतं. काका खुर्चीत बसले. खुर्ची मी चित्राच्या जवळ, आणखी जवळ ओढली, म्हणजे चित्राची टोकं बाजूला जातील. चित्रात दीपगृह मधोमध आणि पार उजव्या टोकाला बंदरात एक जहाज होतं.

"काका, कडीकडे बघा. नजर अजिबात हलवायची नाही. दिसते?"

"दिसते की."

"आता नजर तिथेच ठेवून सांगा, उजवीकडे काय दिसतं?"

"जहाज."

"नीट सांगा."

"शीड अर्धं खाली घेतलेलं. दोर लोंबतोय. पुढच्या अंगाला दोन पिंपं. अहो वहिनी, चौकोन चौकोन जोडून मी काढलंय हे चित्र, मला काय विचारता? सगळं दिसतंय मला."

जनार्दन अनवाणी जाऊन केव्हाच जहाजासमोर उभा राहिला होता. पिवळा टी-शर्ट घालून. दोन्ही हात वर करून हलवत होता.

"काका," तो म्हणाला, "मी हाय इथं. जहाजाच्या पुढं मी उभा हाय."

काकांनी मान वळवली. जनार्दनला बघितलं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग काकांनी पुन्हा नजर समोर नेली, कडीवर, आणि पुन्हा मान वळवली. समोर, पुन्हा बाजूला. "म्हणजे मी जहाज बघत नव्हतो," ते म्हणाले. "मला ते पाठ होतं." आणि लहान मुलासारखा त्यांनी माझा पदर धरला. "मला भीती वाटते, वहिनी. फार भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. पायरीवर ते थांबले. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि दंड धरला. आत त्यांची हनुवटी एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात टेकवली. मधल्या दिव्याकडे बघायचं आणि आजूबाजूला बारीक दिवे चमकले की हातातलं बटण दाबायचं. मी शेजारी उभी होते. दिवे चमकत होते, मला दिसत होते. बटणाचा आवाज येत नव्हता. उभ्या आयुष्यात मला एवढी भीती कधी वाटली नाही. "दाबा हो काका, दाबा," मी मनातल्या मनात ओरडत होते.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. दोन डोळ्यांची दोन चित्रं, काळ्या-करड्या चौकोनांची. उजवा जवळजवळ काळा, मध्ये एक पांढरं भोक. डावाही कडेने खात आणलेला. त्या समजावून सांगत होत्या, हा आजार कडेकडेने खातो, मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते औषधाच्या थेंबांनी जपायचं. म्हणजे जे सगळ्यात शेवटी जाणार होतं, तेवढंच काका रोज सकाळी तपासत होते.

काकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. काळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "पायऱ्या पडल्यात," ते म्हणाले. मग बाईंना म्हणाले, "हे याहून मोठ्या रिझोल्यूशनला नाही का हो काढता येत?" बाईंना काही उमगलं नाही, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही कोसळलं.

दीनाने फोनवर आकांत केला आणि त्यांना तिकडे नेण्याची खटपट सुरू केली. जाण्यापूर्वी ते चित्र त्यांनी माझ्या दुकानाला दिलं. जनार्दनने काउंटरसमोरच्या भिंतीवर ते लावलं. निरोपाच्या दिवशी काका बाहेर पडताना दाराशी थांबले, सवयीने बोटं चौकटीला लागली, आणि ती तशीच ठेवून ते म्हणाले, "तुमच्या दाराला नळी नाही, हे मला ठाऊक होतं, वहिनी. तरी हात का जातो, हे मी कधी मोठं करून बघितलं नाही. एवढं एक सोडून सगळं बघितलं." जनार्दन त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला, उजव्या बाजूने.

तिथून ते अधूनमधून फोन करायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "कडी दिसते ना?" मी दिसते म्हणायचे. "आणि जहाज?" मग मी कडीवर नजर ठेवून जनार्दनला उजवीकडे उभं करायचे आणि तो हात हलवायचा. गिऱ्हाइकं हसायची. एक-दोघांना आम्ही तसं उभंही केलं, आणि एकीला तर दवाखान्यात धाडलं. जनार्दन म्हणायचा, "वैनी, फ्लेक्सचं दुकान हाय का डोळ्यांचं?"

मग बरेच महिने फोन आला नाही. दीनाचे निरोप यायचे, थेंब चालू आहेत, ठीक आहेत. आणि एका रात्री दुकान आवरताना मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. नेट धड नव्हतं, काकांचा चेहरा सारखा चौकोनांत फुटत होता. जुळला तेव्हा बघितलं, वाळले होते, पण शर्ट तोच पांढरा, खिशात पेन्सिल. त्यांच्या पुढ्यात टेबलावर एक दिवा होता. चांगला ठळक, पिवळा, त्यांच्या तोंडावर त्याचा उजेड पडलेला. मोबाइलकडे बघायचं तर ते थोडे बाजूलाच बघत होते.

"वहिनी, आवाज येतोय ना? थांबा हं." त्यांनी मान वळवली. "दीना, दिवा लाव गं. किती अंधार करून ठेवलाय."

मागून दीना आली. तिने एकदा मोबाइलमधून माझ्याकडे बघितलं. वडिलांनी तिला आजोबांची गोष्ट सांगितली होती की नाही, मला माहीत नाही. तिने हात पुढे केला आणि बटण दाबलं. दिवा गेला. पुन्हा बटण वाजलं. दिवा लागला.

"लावला हं, बाबा."

"हां," काका समाधानाने म्हणाले. "आता कसं. काय वहिनी, कडी दिसते ना?"

त्या दिव्यावरून मला नजर काढवेना. भिंतीकडे न बघताच मी म्हटलं, "दिसते, काका. अगदी स्वच्छ."